तेरा सामन्यांचा हंगाम आणि आपले चषक

देशातल्या सर्वोच्च फुटबॉल लीगचा, म्हणजे आयएसएलचा 2025-26 चा हंगाम 14 फेब्रुवारी 2026 ला सुरू झाला. आदले दोन हंगाम सप्टेंबरात सुरू झाले होते. चौदा क्लब, प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदाच गाठ. म्हणजे एका क्लबच्या वाट्याला 13 सामने आणि सगळे मिळून 91. आदल्या हंगामात तेरा क्लब होते आणि प्रत्येकाने 24 साखळी सामने खेळले होते. 2014 ला ही लीग पहिल्यांदा भरली तेव्हा आठच संघ होते, 12 ऑक्टोबर ते 20 डिसेंबर अशा दहा आठवड्यांत सगळा खेळ उरकला होता आणि त्याला तमाशा म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ होते. त्या तमाशातही प्रत्येक संघाला 14 साखळी सामने मिळाले होते. इतकी वर्षं चालून आपण निघालो होतो त्याच्या एक पाऊल मागे येऊन उभे आहोत.

हे का झालं याची मोठी कहाणी वर्तमानपत्रांतून येऊन गेली आहे, ती थोडक्यात सांगतो. डिसेंबर 2010 मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने पंधरा वर्षांसाठी 700 कोटींचा करार करून व्यापारी हक्क एका कंपनीकडे दिले. तो करार डिसेंबर 2025 मध्ये संपणार, म्हणजे हंगामाच्या ऐन मध्यावर. महासंघाच्या घटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयात होता आणि निकाल लागेपर्यंत नवा करार करू नये असं न्यायालयाने सांगितलं होतं. पुढे काय होणार हे ठाऊक नसताना हंगाम कसा सुरू करायचा, म्हणून लीग चालवणाऱ्या कंपनीने जुलै 2025 मध्ये तो स्थगित ठेवला. सप्टेंबरात घटना मंजूर झाली. मग निविदा काढली, तर नोव्हेंबरात एकही बोली आली नाही. 'प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे' हे वाक्य बेळगावकराला नवं नाही. सीमाप्रश्नाचा दावा तिथे 2004 पासून आहे. पण दावा चालू असला म्हणून इथली शाळा बंद राहत नाही, बाजार बंद राहत नाही. फुटबॉलचा मात्र अख्खा हंगाम करारातल्या एका तारखेवर टांगलेला होता.

बेळगावात यावर चर्चा निघाली की ती लगेच पैशाकडे वळते. टीव्हीवाले पैसे देत नाहीत, मालक कंटाळले, क्रिकेटने सगळं खाल्लं, वगैरे. त्यात खोटं काही नाही, पण ते दुय्यम आहे. हंगामाचं खरं माप एकच: सुरुवातीच्या दिवशी खेळाडूला किती सामन्यांची हमी आहे? लीगला लीग म्हणायचं ते एवढ्याचसाठी. हरलात तरी पुढच्या आठवड्यात सामना आहे, ही हमी काढली की उरतो तो चषक. आणि हेच माप लावायचं तर आधी आपल्या अंगणात लावू, कारण सीमाभागात फुटबॉलचं वेड जितकं आहे तितकी हमी कधीच नव्हती. राष्ट्रीय लीगचा एक हंगाम आता आक्रसला. आपला तर मुळात हंगामच नाही.

तेरा सामन्यांत नेमकं काय बिघडतं ते पाहू. तेरा गुणिले नव्वद म्हणजे 1170 मिनिटं. चोविसाला ती 2160 होतात. हा फरक पहिल्या अकरातल्या खेळाडूला सोसतो. मरतो तो एकोणीस-वीस वर्षांचा, बाकावर बसणारा. शेवटची पंधरा मिनिटं मैदानात सोडलं, असं दहा वेळा घडलं, तर त्याचा हंगाम 150 मिनिटांचा, म्हणजे दोन पूर्ण सामनेही नाहीत. त्यात सामने कमी असले की प्रशिक्षक धोका पत्करत नाही. चोविसांत पहिले चार हरले तरी वीस उरतात. तेरांतले चार हरले की गुणतक्त्यातली जागा जवळजवळ ठरूनच गेली. मग तो अनुभवी माणूस खेळवतो आणि गोलासाठी परदेशी खेळाडूकडे बघतो. या लीगने मैदानावरच्या परदेशी खेळाडूंची संख्या सहावरून 2017-18 मध्ये पाच आणि 2021-22 पासून चार केली. भारतीय मुलांसाठी नियमाने मोकळी केलेली ती जागा आखूड हंगाम वेगळ्या वाटेने काढून घेतो.

दुसरी गोष्ट घरच्या मैदानाची. 91 सामने चौदा क्लबांत वाटले तर सात क्लबांना सात सामने घरी मिळतात आणि सात क्लबांना सहाच. कागदावर तेरा फेऱ्यांची आखणी कितीही हुशारीने करा, ही असमानता निघत नाही, कारण तेरा हा विषम आकडा आहे. दुहेरी साखळीत ती आपोआप मिटते. मोहन बागानने 2024-25 मध्ये 24 सामन्यांत 17 विजय, 5 बरोबरी आणि 2 पराभव असे 56 गुण मिळवले. त्यावर कोणी बोट ठेवू शकलं नाही, कारण प्रत्येकाच्या घरी जाऊन आणि प्रत्येकाला घरी बोलावून ते मिळवलेले होते. एकेरी साखळीच्या विजेत्याला 'आमच्याकडे आला असतास तर' हे ऐकून घ्यावं लागतं.

तिसरी गोष्ट शरीराची. फुटबॉलपटू सरावाने तयार होतो आणि सामन्यांनी टिकतो. हंगामपूर्व तयारीला पाच-सहा आठवडे लागतात. पण सुरुवातीची तारीखच माहीत नसेल तर ती तयारी कधी सुरू करायची? लवकर सुरू केली तर पोरं शिगेला पोचून पुन्हा उतरणीला लागतात. उशिरा केली तर पहिल्या तीन-चार सामन्यांत मांडीच्या मागचे स्नायू धरतात आणि तेरांतले चार सामने तिथेच जातात. आणि तारीख नाही म्हणजे उत्पन्न नाही. बंगळूरच्या क्लबने ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या संघाचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवत असल्याचं जाहीर केलं, ते यातूनच.

आता बेळगाव. इथून सर्वोच्च लीगचं जवळचं मैदान आपल्या राज्याच्या राजधानीत नाही, घाटाखाली आहे. मडगावचं फातोर्डा चोर्ला किंवा अनमोडमार्गे चार तासांच्या आत. बंगळूरचं कंठीरवा सुमारे पाचशे किलोमीटर, म्हणजे रात्रभराची गाडी. 22 ऑक्टोबर 2025 ला सौदी अरेबियाचा अल नस्र, म्हणजे रोनाल्डोचा क्लब, फातोर्ड्याला एफसी गोवाशी खेळायला आला. रोनाल्डो आला नाही, गोवा 1-2 असा हरला, पण गोव्याच्या ब्रायसन फर्नांडिसने गोल केला. आशियातल्या बड्या क्लबविरुद्ध गोव्याच्या मुलाने गोल करावा, हे आपल्यापासून एका घाटाच्या अंतरावर घडतं. बेळगाव, खानापूर, निपाणी इथे अशा मुलांची वानवा आहे असं म्हणायला कोणी धजणार नाही. लेले मैदानावर संध्याकाळी उभं राहिलं तरी ते कळतं. पण तिथून वर जायचा जिना कुठे आहे?

कागदावर जिना आहे. जिल्हा, मग राज्याची लीग, तिथून आय-लीगच्या तिसऱ्या आणि दुसऱ्या श्रेणी, मग आय-लीग (2026 पासून तिचं नाव इंडियन फुटबॉल लीग), मग सर्वोच्च लीग. वरची पायरी आता खरोखर खुली आहे: पंजाब 2023-24 मध्ये वर आलं, मोहमेडन स्पोर्टिंग 2024-25 मध्ये, आणि इंटर काशी त्याच्या पुढच्या हंगामात. इंटर काशीचं विजेतेपद तर हंगाम संपल्यावर तीन महिन्यांनी, जुलै 2025 मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाने ठरवलं. मैदानावर कोण जिंकलं ते मैदानावर कळू नये, ही आपल्याकडची जुनी खोड. पण ते असो. अडचण वरच्या पायरीची नाही, दुसरीची आहे. कर्नाटकची सर्वांत वरची लीग म्हणजे बंगळूरची सुपर डिव्हिजन. ती बंगळूरच्या मैदानांवर, बंगळूरच्या सोयीने, आठवड्याच्या मधल्या वारीसुद्धा खेळली जाते. बेळगावच्या क्लबने तिच्यात उतरायचं म्हणजे अठरा खेळाडू आणि तीन माणसं घेऊन दर सामन्याला हजार किलोमीटरचा फेरा करायचा. नोकरी-कॉलेज सांभाळून खेळणाऱ्या मुलांना हे शक्य नाही, आणि पगारी संघ उभा करण्याइतका पैसा इथल्या एकाही मंडळाकडे नाही.

मग आपण काय करतो, तर चषक भरवतो. आणि झोकात भरवतो. शालेय स्पर्धा, स्मृती चषक, नगरसेवक चषक, आमदार चषक. फ्लेक्स लागतात, फटाक्यांच्या माळा लागतात, बक्षिसाची रक्कम दरवर्षी फुगते. सोळा संघांची बाद फेरी म्हणजे 15 सामने. त्यात आठ संघ एकच सामना खेळून घरी जातात, चार संघ दोन, दोन संघ तीन, आणि अंतिम फेरीतले दोघे चार. सरासरी काढली तर एका संघाच्या वाट्याला दोन सामनेही येत नाहीत. वर्षात असे पाच चषक खेळलेला मधल्या दर्जाचा संघ नऊ-दहा सामने खेळतो, तेही अनेकदा तीस-तीस मिनिटांचे. मिनिटांत मोजलं तर वर्षाकाठी सहाशे. आयएसएलचा ज्याला आपण आखूड हंगाम म्हणून हसतो, त्याच्या निम्मे.

बाद फेरीचे संस्कारही वेगळे. बरोबरीला तिथे किंमत नाही, म्हणून दुबळा संघ पहिल्या मिनिटापासून दहा माणसं मागे ठेवून टायब्रेकरची वाट बघतो. जिंकायची घाई असलेला संघ गोव्याहून दोन पाहुणे खेळाडू पाच दिवसांसाठी आणतो. स्ट्रायकर बाहेरचा आणि बचावाच्या मध्यावरचा बाहेरचा म्हटल्यावर गावचा पोरगा बाजूच्या रेषेवर धावत राहतो. याला पोरांचा दोष म्हणता येणार नाही. एका पराभवाने सगळं संपत असेल तर शहाणा माणूस हेच करेल.

कोल्हापूरकडे बघा. तिथेही चषक आहेत, पेठांची ईर्षा आहे, परदेशी खेळाडू आहेत, हाणामाऱ्याही होतात. पण शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस या नावांना वजन आहे ते चषकांमुळे जेवढं, तेवढंच दरवर्षी लीगमध्ये एकमेकांसमोर उभं राहावं लागतं म्हणून. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला आणि पुढे सर्वोच्च लीगमध्ये पोचलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. त्याला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीने घडवलं हे खरं, पण प्रबोधिनीपर्यंत पोचायला आधी गावात फुटबॉलची सवय असावी लागते. गडहिंग्लजसारख्या तालुक्याच्या गावातही ती सवय दिसते, आणि गडहिंग्लज बेळगावपासून तास-दीड तासावर आहे.

इथे हमखास एक सूचना येते: सीमाभागाची एकच लीग करा, बेळगाव, निपाणी, गडहिंग्लज, कोल्हापूर, मिरज. ऐकायला गोड आहे. पण ते फुटबॉलच्या कायद्यात बसत नाही. गडहिंग्लज-कोल्हापूर पश्चिम भारत फुटबॉल संघटनेकडे, बेळगाव-निपाणी कर्नाटक संघटनेकडे. खेळाडूची नोंदणी महासंघाच्या केंद्रीय प्रणालीत एका वेळी एकाच क्लबकडे असते. फिफाच्या नियमाने हंगामात जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंदणी आणि प्रत्यक्ष खेळ दोघांकडूनच. दोन राज्यांत पसरलेली लीग कोणाच्याच जिन्याची पायरी होणार नाही. तिच्या विजेत्याला वर पाठवणार कोण? चषकासाठी ती कल्पना चांगली आहे, वर्षातून एकदा निमंत्रितांची स्पर्धा भरवा, जेवणं घाला. लीग मात्र आपल्याच राज्य संघटनेच्या चौकटीत हवी आणि तिच्याकडे मागणी एकच हवी: उत्तर कर्नाटकाचा स्वतंत्र विभाग करा, बेळगाव, हुबळी-धारवाडच्या क्लबांनी इथल्या इथे खेळावं आणि विभागाच्या विजेत्यानेच शेवटच्या टप्प्याला बंगळूर गाठावं. एक प्रवास परवडतो, चौदा परवडत नाहीत. यात भाषेचा प्रश्न आणू नये. धारवाडच्या कन्नड मुलाची अडचण अगदी हीच आहे.

पण मागायला जाण्याआधी जिल्ह्यात लीग हवी, आणि ती कागदावर बसते का ते बघू. आठ संघ, दुहेरी साखळी: 14 फेऱ्या, 56 सामने, प्रत्येकाला 14 सामन्यांची हमी. आखणी करायला संगणक लागत नाही. एक ते चार वरच्या ओळीत डावीकडून लिहा, खालच्या ओळीत आठ, सात, सहा, पाच. वरखालच्या जोड्या म्हणजे पहिली फेरी. मग एक नंबरला जागेवर ठेवून बाकीचे सात घड्याळाच्या काट्यांप्रमाणे एकेक घर सरकवा: दुसऱ्या फेरीत एक-सात, आठ-सहा, दोन-पाच, तीन-चार. सातदा केलं की एकेरी साखळी पुरी, मग तीच उलट्या घरची. संघ सात निघाले तर आठव्याच्या जागी 'विश्रांती' लिहा. पण सातावर भागवू नये, दर आठवड्याला एक संघ रिकामा बसला की त्याची पोरं गावच्या क्रिकेट स्पर्धेला जातात आणि पुढच्या आठवड्यात पाय मुरगळून येतात.

मैदान एकच आहे असं धरू. डिसेंबरात इथे सहाच्या सुमाराला अंधारून येतं. पंचेचाळीस-पंचेचाळीस मिनिटं, मध्ये पंधरा, वर वाया गेलेला वेळ, असे एका सामन्याला 110 मिनिटं धरावी लागतात. म्हणजे दुपारी दोनला पहिला आणि चारला दुसरा, त्यापुढे दिव्यांशिवाय काही नाही. शनिवारी दोन, रविवारी दोन, एक फेरी पूर्ण. चौदा फेऱ्यांना चौदा आठवडे. आता कॅलेंडर घ्या. पाऊस सरून लाल माती बूट न ओढण्याइतकी सुकायला ऑक्टोबरचा तिसरा आठवडा उजाडतो. दिवाळीचा एक आठवडा सोडा. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन इथे भरतं, त्या काळात बंदोबस्तामुळे मैदान आणि परवानगी दोन्हींचा भरवसा नाही, दोन आठवडे सोडा. फेब्रुवारीच्या मध्यापासून दहावी आणि पीयूसीची, म्हणजे अकरावी-बारावीची मुलं मिळत नाहीत. ऑक्टोबरअखेरपासून 15 फेब्रुवारीपर्यंत पंधरा-सोळा आठवडे होतात, सुट्ट्या वजा जाता बारा-तेरा. एक-दोन फेऱ्या उरतातच. त्या एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, परीक्षा संपल्यावर आणि वैशाखातल्या शिवजयंतीची लगबग सुरू व्हायच्या आत. चित्ररथाचे दिवस आले की बेळगावात फुटबॉलला माणूस मिळणार नाही, आणि मिळेल अशी अपेक्षा करणाऱ्याने बेळगाव पाहिलेलं नाही.

बिघाड कुठे होतो तेही ठाऊक आहे. लीग बंद पडते ती पहिल्या फेरीत नव्हे, आठव्या-नवव्या फेरीत, जेव्हा तळाचे दोन संघ यायचे थांबतात. त्यावर उपाय म्हणजे सुरुवातीलाच अनामत घ्यायची आणि प्रत्येक गैरहजेरीला ठरावीक भाग कापायचा. तळाचा संघ खालच्या गटात जाईल हेही आधीच जाहीर हवं, म्हणजे शेवटच्या सामन्यालाही अर्थ राहतो. दुसरा बिघाड नोंदणीचा. चार मंडळांकडून चार चषक खेळणारा हुकमी खेळाडू लीगमध्ये एकाच क्लबचा होतो आणि मंडळांना हेच नको असतं. सवलत एकदा दिली की संपलं. तिसरा पंचांचा. गावचाच पंच गावच्याच संघाला लावला की निकाल काहीही लागो, भांडण होतं. खानापूरचे पंच बेळगावच्या सामन्याला आणि निपाणीचे खानापूरच्या, भत्ता हातात आणि सामन्याआधी. चौथा बिघाड मैदानाच्या मधोमध असतो: क्रिकेटची खेळपट्टी. तिच्यावर चेंडू वेगळाच उसळतो आणि घोटे जातात. मैदान 105 बाय 68 मीटरचं मिळालं नाही तरी चालेल, फक्की शंभर मीटरवर मारा, पण ती पट्टी बाजूच्या रेषेबाहेर जाईल अशी आखणी करा. गोलपोस्ट मात्र 7.32 बाय 2.44 मीटरचाच हवा. फूटभर बुटक्या बारखाली वाढलेला गोलकीपर निवड चाचणीत पहिल्याच उंच फटक्याला उघडा पडतो.

चषकवाले म्हणतील, लीगला गर्दी होत नाही, देणगीदार येत नाही. गर्दी होणार नाही हे मान्य. नवव्या फेरीतल्या सहाव्या आणि सातव्या संघाच्या सामन्याला पन्नास माणसं असतील, त्यातली वीस घरची. राष्ट्रीय लीगचं गाडं याच ठिकाणी अडलं. तिला दर सामन्याला प्रेक्षक हवा होता, प्रायोजक हवा होता, आणि तो येणार नाही असं दिसताच हंगामालाच कात्री लागली. जिल्ह्याच्या लीगला तेवढा खर्चच नाही. चार पंच, रुग्णवाहिका, तीन चेंडू, जाळ्या, फक्की, पाणी. हंगामात जे पाच-सहा चषक होतात त्यांतल्या दोन चषकांच्या बक्षिसाची आणि फ्लेक्सची रक्कम इकडे वळवा आणि हिशोब मांडून बघा. चषक बंद करायला कोणी सांगत नाही. लीगमधले पहिले चार संघ चषकाला थेट पात्र असा नियम केला तर चषकाचीच पत वाढेल.

ऑक्टोबरअखेर पहिला सामना हवा असेल तर वेळापत्रक गणपतीनंतर लगेच छापून क्लबांच्या हातात पडायला हवं. त्यासाठी संघांची नोंदणी आणि अनामत ऑगस्टच्या शेवटापर्यंत, आणि खेळाडूंचे जन्मदाखले, आधार, वैद्यकीय दाखले जुलैत गोळा करायचे, पाऊस धो धो असतो आणि मैदानावर तसंही काही करता येत नाही तेव्हा.